फुकटची पाटी, भाड्याची भिंत

मोऱ्याच्या धक्क्यावर ओहोटीत जो अडकला आहे, त्याला वाट पाहणे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. पाणी मागे सरते, काळा गाळ उघडा पडतो आणि भाऊच्या धक्क्यावरून येणारी लाँच भरतीची वाट बघत राहते. मागे अशाच एका ओहोटीत मी तासभर बसून होतो. शेजारी सुक्या मासळीची पाटी घेऊन एक मावशी बसल्या होत्या आणि त्यांच्यासोबत नुकताच बारावी झालेला नातू. नातवाच्या हातात एक चकचकीत पत्रक होते. कुठल्यातरी मोफत शिबिरात त्याला ते मिळाले होते. त्यावर छापले होते, ‘शून्य खर्चात धंदा ऑनलाइन न्या, लाखो ग्राहकांपर्यंत पोहोचा.’ नातवाने ते आजीला वाचून दाखवले. मावशींनी माझ्याकडे बघून विचारले, “दादा, ही लाखो माणसं मोऱ्याला येनार कशी? लाँच तर येत नाय.”

मला हसू आले आणि लगेच हसल्याची लाजही वाटली. त्या पत्रकाला यापेक्षा नेमका प्रश्न कुणी विचारू शकेल असे मला वाटत नाही.

ऑनलाइन जाहिरात आता फुकट आहे, डिझाइन आता प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे, म्हणून ज्याचा धंदा चालत नाही तो एकतर आळशी आहे किंवा अडाणी आहे, असे आज छोट्या धंदेवाल्याला उठता-बसता ऐकवले जाते. ते खोटे आहे असे माझे म्हणणे आहे. फोन वाईट आहे असे मी म्हणत नाही. हा लेखसुद्धा तुम्ही बहुधा फोनवरच वाचत आहात. माझे भांडण त्या प्रवचनाशी आहे, ते देणाऱ्यांशी आहे आणि त्या प्रवचनाच्या आड जे लपवले जाते त्याच्याशी आहे.

आधी हे प्रवचन कुणाला दिले जाते ते पाहू. मोरा हे काही आडबाजूचे, उद्योगाची ओळख नसलेले गाव नाही. ग्राइंडिंग व्हील बनवणारा देशातला पहिला कारखाना १९४१ साली इथेच उभा राहिला. पुढे १९७० साली सिडको आली आणि उरण, पनवेल, ठाणे पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनाखाली आल्या. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले त्यात पाच शेतकरी गोळीबारात मारले गेले, आणि त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे धोरण निघाले. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. म्हणजे जमीन गेली, खाडी गेली, मिठागरे आटली आणि दारात देशातले एक मोठे बंदर आले. नोकऱ्या मात्र सगळ्यांच्या वाट्याला आल्या नाहीत. ज्यांच्या वाट्याला आल्या नाहीत त्यांनी टपरी टाकली, टेम्पो घेतला, खानावळ काढली, घरी मसाला कुटायला सुरुवात केली. छोटा धंदा हा इथल्या पुष्कळ घरांनी हौसेने निवडलेला नाही. उरलेला तोच एक रस्ता होता.

१२ जानेवारी २०२४ रोजी एकाच दिवशी अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि उरणपर्यंत लोकल गाडी आली. दोन्ही चांगल्याच गोष्टी आहेत, गाडी तर फारच चांगली. पण २१.८ किलोमीटरच्या त्या सेतूवर मोटारसायकलला मनाई आहे, रिक्षाला मनाई आहे, आणि मोटारीला सुरुवातीलाच एका फेरीचे २५० रुपये पथकर लावला गेला. पाटी घेतलेल्या मावशींसाठी तो पूल नाही. त्यांच्यासाठी लाँच आहे, आणि लाँचचा धक्का गाळात आहे. गाडी आणि पूल आल्यापासून लाँचच्या रांगेत मला पूर्वीची माणसे दिसत नाहीत. धक्क्यावर चहा विकणाऱ्याला, वडापाव विकणाऱ्याला, मावशींना त्याचा फटका बसणारच. अशा माणसाला काय सांगायचे? गाळ कधी काढणार ते सांगायचे, की बसायला ओटा आणि डोक्यावर छप्पर कधी देणार ते सांगायचे? ते कुणी सांगत नाही. त्याला सांगितले जाते, ‘रील बनवा.’

या प्रवचनाचा पहिला उपयोग हा असा आहे. जे काम सार्वजनिक पैशातून व्हायला हवे ते झाले नाही की त्याचे खापर धंदेवाल्याच्या माथी फोडता येते. धक्का खचला, बाजार मोडला, एसटीची फेरी बंद झाली, तरी तुझ्या हातात फोन आहे ना? मग तक्रार कसली?

आता ‘फुकट’ या शब्दाकडे येऊ. माझी एक भाची आहे. घरी मसाला करते आणि सोबत जवळ्याची सुकी चटणी. तिच्या सासूच्या हातची कृती आहे. दोन वर्षांपूर्वी एका एजन्सीच्या मुलांनी तिला गाठले आणि महिना ६,००० रुपयांचे पॅकेज दिले. महिन्याला तीस पोस्ट, चार रील, एक लोगो. तीन महिन्यांचे १८,००० रुपये तिने भिशीतून काढून दिले. तिला अर्ध्या किलोच्या पुड्यामागे ६० रुपये सुटतात. म्हणजे नुसते हे पैसे भरून काढायला ३०० पुडे विकायला हवे होते. तेव्हा तिची विक्री होती महिन्याला चाळीसएक पुड्यांची. हा हिशेब कागदावर मांडायला पाच मिनिटे लागली असती, पण तो तिच्यासमोर मांडण्यात कुणाचा फायदा नव्हता.

त्या पोस्ट मी एकदा बसून पाहिल्या. गुढीपाडव्याच्या शुभेच्छा, रमजान ईदच्या शुभेच्छा, महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा, मदर्स डे, योग दिन, डॉक्टर्स डे. सगळ्यांखाली तिचा लोगो. मसाल्याची किंमत एकाही पोस्टवर नव्हती. मसाला किती दिवस टिकतो, तिखट किती आहे, मोऱ्याहून उरणला किंवा पनवेलला तो पोचतो कसा, यातले काही नव्हते. जाहिरात म्हणून जे तिने विकत घेतले ते सार्वजनिक कॅलेंडर होते. तीन महिन्यांनी पानाला दोन हजारांवर लोक जोडले गेले होते. त्यातले कोण कुठले ते पाहिले तर अर्धे उत्तर भारतातले, ज्यांना आगरी-कोळी मसाला आणि जवळा म्हणजे काय हेही ठाऊक नसणार. ऑर्डर आल्या अकरा. अकरातल्या नऊ जणी तिला आधीपासून ओळखत होत्या.

ज्यांनी पैसे न देता स्वतः केले त्यांनाही ते फुकट पडले असे समजू नका. रात्री भांडी घासून झाल्यावर दोन तास फोनवर घालवणाऱ्या बाईच्या त्या दोन तासांची मजुरी कुणी धरत नाही. ती कॅनव्हावर चौकट निवडते, फोटो कापते, मजकूर बसवते, आणि शेवटी ती पोस्ट दिसते तिच्याच नणंदेला. कारण फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये उघड सांगितले आहे की यापुढे मित्र-नातेवाइकांच्या पोस्ट जास्त दाखवू आणि धंद्यांच्या, संस्थांच्या पोस्ट कमी. आपल्याच पानाला जोडलेल्या लोकांना आपली पोस्ट दिसावी असे वाटत असेल तर ‘बूस्ट’ करा, म्हणजे पैसे भरा, वर १८ टक्के जीएसटी. आधी घर फुकट दिले, माणसे जमू दिली आणि मग दाराशी तिकीट लावले. याला आपल्या बाजारात दुसरा शब्द आहे.

आणि घर तरी आपले कुठे आहे? भिंत भाड्याची आहे, फरक इतकाच की भाडेपावती मिळत नाही. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ अॅपवर बंदी घातली. ती बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे. पण त्यावर ज्यांनी आपला ग्राहक उभा केला होता अशा शिंपी, आचारी, मेंदी काढणाऱ्या मुलींची ओळख एका रात्रीत पुसली गेली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप एकदम सहा तासांच्या आसपास बंद पडले. माझ्या मते याहून बोलके उदाहरण गुगलचे आहे. छोट्या दुकानदारांनी गुगलवर आपली नोंद केली की तिच्यातूनच एक साधी वेबसाइट फुकट बनवून मिळत असे. किती कार्यशाळांमधून लोकांना हे शिकवले गेले! दुकानदारांनी तो पत्ता व्हिजिटिंग कार्डावर छापला, पिशव्यांवर छापला, काहींनी टेम्पोवर रंगवला. मार्च २०२४ मध्ये गुगलने त्या सगळ्या वेबसाइट बंद केल्या. काही महिने जुना पत्ता दुसरीकडे वळवला, नंतर तेही थांबले. टेम्पोवरचा पत्ता अजून तसाच आहे, तो उघडत नाही.

कंपन्यांनी फसवले असे मी म्हणत नाही. त्यांची जागा, त्यांचा नियम. माझा राग त्यांच्यावर आहे ज्यांनी ती जागा तुमचीच आहे असे तुम्हाला सांगितले आणि ग्राहकांचे नंबर वहीत लिहून ठेवा एवढी साधी गोष्ट सांगितली नाही.

भाचीच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट घडली, ती लिहू की नको असा विचार मी बराच केला. लोगो करताना एजन्सीच्या मुलाने तिला सांगितले, “मॅडम, नाव जरा न्यूट्रल ठेवू. कस्टमर तुटायला नको.” ती सासूच्या नावाने मसाला विकत होती. नाव मुसलमानी आहे, एवढीच त्या नावाची अडचण. मुलगा उद्धट नव्हता. त्याने तो सल्ला रंग बदलण्याचा सल्ला द्यावा तितक्या सहजपणे दिला, आणि तीच गोष्ट मला जास्त लागली. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाणावळींना मालकाचे नाव पाटीवर लिहायला लावले गेले. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्या सक्तीला अंतरिम स्थगिती दिली. तिकडे नाव लिही अशी सक्ती आणि इकडे नाव लपव असा सल्ला. दोन्हीकडे माणसाच्या नावाचा हिशेब त्याच्या मालाच्या आधी होतो. मोऱ्यात, उरणात, करंज्यात पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या नावाने माल घेतला गेला. मुसलमान घरातला मसाला आगरी घरात आणि कोळीणीचे बोंबील मुसलमान घरात, यात कुणाला ‘न्यूट्रल’ व्हावे लागले नाही. ओळख हीच तिथे हमी होती. ‘मार्केटिंग’ने ती ओळख पुसून त्या जागी निसर्ग, चव, परंपरा असल्या शब्दांची जोडी चिकटवली, जी शंभर जणांच्या पुड्यांवर आहे. भाचीने नाव बदलले नाही. तिचे मला कौतुक आहे.

इथूनच डिझाइनचा मुद्दा सुरू होतो. तयार चौकटी वापरल्या की सगळे एकसारखे दिसते ही तक्रार आता जुनी झाली. माझी तक्रार अधिक साधी आहे, या चौकटी आपल्या लिपीसाठी बनलेल्याच नाहीत. दोन ओळींमधले अंतर रोमन अक्षरांच्या मापाने धरलेले असते. त्यात देवनागरी बसवली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर चढतो. जोडाक्षरे फुटतात. आपल्या गावाचेच घ्या. ‘मोऱ्याचा मसाला’ असे लिहायला गेले की हमखास ‘मोर्याचा मसाला’ होते. तो अर्धा आडवा ऱ मराठीचा खास आहे, आणि ज्याने चौकट बनवली त्याने तो कधी पाहिलेला नाही. मराठी ल आणि श यांची वळणे कशी असावीत यावर २००९ साली शासन निर्णय निघाला, पण भाचीच्या लोगोत ते हिंदी वळणानेच आले आहेत.

यावर उपाय नाही असे नाही आणि तो महागही नाही. र. कृ. जोशी यांच्यासारख्या कवी-अक्षरकाराने मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हा देवनागरी फाँट केला आणि आपल्याला संगणकावर मराठी वाचता येऊ लागली. मुंबईच्या एक टाइप या गटाने ‘मुक्ता’, ‘बलू’, ‘मोदक’ असे देखणे फाँट केले आहेत. ते कुणालाही विनामूल्य वापरता येतात, धंद्यासाठीसुद्धा. याला मी खरे फुकट म्हणतो. पण शिबिरांच्या पत्रकात यांची नावे नसतात. तिथे चौकट कशी निवडायची एवढेच शिकवतात. त्यात कोणते अक्षर बसवायचे हे शिकवत नाहीत.

सरकारचेही तसेच. महाराष्ट्राने २०२२ साली दुकाने आणि आस्थापना कायद्यात दुरुस्ती करून सगळ्या दुकानांना, दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांनाही, मराठी पाटी सक्तीची केली. मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको असेही म्हटले. व्यापारी न्यायालयात गेले. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोन महिन्यांत पाट्या बदलायला सांगितले. पाट्या बदलल्या. कशा बदलल्या ते उरणच्या बाजारपेठेत फिरून पाहा. इंग्रजी नावाचे देवनागरीत केलेले लिप्यंतर, फ्लेक्सवर छापलेले, दोन पावसाळ्यांत फिकट झालेले. दारावरची पाटी मराठी झाली आणि फोनवरची पाटी, म्हणजे गुगलवरची नोंद, वेळ, पत्ता, सगळे इंग्रजीतच राहिले. दंडाच्या भीतीने लिहिलेली अक्षरे गिऱ्हाइकासाठी लिहिलेली नसतात.

गिऱ्हाइकासाठी लिहिणारा माणूस आमच्याकडे होता. तो पेंटर होता. आम्ही त्यांना चाचाच म्हणायचो. होड्यांची नावे, दुकानांच्या पाट्या, लग्नाच्या मांडवावरचे फलक, सगळे त्यांच्या हातचे. लहानपणी मी त्यांच्याजवळ जाऊन बसत असे. कुणी पाटी सांगायला आला की चाचांचा पहिला प्रश्न असे, “वाचणारा कुठे उभा राहणार?” रस्त्यापलीकडे, की एसटीत, की लाँचमध्ये? त्यावरून ते अक्षराची उंची ठरवत. मग खडूची दोरी ताणून रेषा मारत, मजकुरातले निम्मे शब्द खोडत आणि म्हणत, “एवढं कोण वाचतंय?” डिझाइनच्या महाविद्यालयात याहून वेगळे काय शिकवतात मला माहीत नाही. फ्लेक्सचे यंत्र आले आणि चाचांचे काम गेले. त्यांची मुले दुसऱ्या कामाला लागली.

सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने पीएम विश्वकर्मा योजना आणली. १८ पारंपरिक व्यवसायांना प्रशिक्षण, अवजारे आणि स्वस्त कर्ज देणारी. यादीत होडी बांधणारा आहे, जाळे विणणारा आहे. त्या होडीवर नाव रंगवणारा नाही. पेंटर हा कारागीर आहे हे आपल्या राज्यकर्त्यांना सुचलेच नाही. सुचले ते हनीफ कुरेशी नावाच्या एका कलावंताला. रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरे गोळा करून त्यांचे फाँट बनवायचे आणि त्या फाँटला त्याच पेंटरचे नाव द्यायचे, असा उपक्रम त्यांनी चालवला. २०२४ साली ते गेले. ज्या कामाला सरकारी योजना हवी होती ते एका माणसाने आपल्या आयुष्यात केले.

आता कुणी म्हणेल, हे सगळे जुन्याचे रडगाणे आहे, काळ बदलला आहे. म्हणून मी जुनेच एक उदाहरण देतो, ते मात्र रडगाण्याचे नाही. शंभर वर्षांपूर्वी लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर शेतकरी घेत नव्हते. लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी समजूत होती. कारखाना औंध संस्थानातल्या एका माळरानावर, पुण्या-मुंबईच्या बाजारापासून लांब. १९२० साली कारखान्याच्या जाहिरातीचे काम पाहणाऱ्या शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे एक छोटे मासिक काढले. शंकरराव चित्रकलेचे शिक्षण घेतलेले, म्हणजे आजच्या भाषेत डिझायनरच. नांगर कसा वापरावा, कारखान्यात काय चालले आहे, हे गिऱ्हाइकाला समजेल अशा मराठीत ते सांगू लागले. ते मासिक पुढे ‘किर्लोस्कर’ नावाने महाराष्ट्राच्या घराघरांत गेले आणि त्याने दोन पिढ्या लिहित्या केल्या. जाहिरात इतकी आपली होऊ शकते! कारण तिथे गिऱ्हाइकाच्या मनातल्या शंकेला उत्तर दिले जात होते, गिऱ्हाइकाच्याच भाषेत, आणि मासिकाची वर्गणीदारांची यादी त्यांच्या स्वतःच्या कपाटात होती. ती कुणा दुसऱ्याच्या मर्जीवर बंद पडणार नव्हती.

छोट्या धंद्याला यातले जे परवडते ते भाचीने नंतर केले. पॅकेज बंद केले. आजवर ज्यांनी मसाला घेतला त्यांचे नंबर वहीत उतरवले. साठ-सत्तर झाले. प्रत्येकीला आपला नंबर फोनमध्ये जतन करायला सांगितले, कारण व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतला संदेश ज्याने आपला नंबर जतन केला आहे त्यालाच पोचतो. हा नियम मला आवडतो. ज्याला तुम्ही हवे आहात त्याच्याकडेच तुम्ही जाता. महिन्यातून दोनदाच संदेश, त्यात तीनच गोष्टी: काय तयार आहे, केवढ्याला आहे, कुठे मिळेल. फोटो सकाळच्या उजेडात, अंगणात, तिच्याच परातीतला. पुड्यावर मराठीत नाव, तारीख, वजन. अन्न सुरक्षा नोंदणीचा १४ आकडी क्रमांक, जो घरगुती उद्योगालाही लागतो आणि ज्याबद्दल एजन्सीने तिला तीन महिन्यांत चकार शब्द सांगितला नव्हता. जवळ्याच्या चटणीवर मांसाहाराची तपकिरी त्रिकोणी खूण, जी त्यांनी केलेल्या देखण्या लेबलावर नव्हती. आता तिचे साठ-सत्तर पुडे जातात. लाखो ग्राहक आले नाहीत. तिला ते नकोच होते, घरात दोन पाटे-वरवंटे आणि एक मिक्सर आहे.

ही यशोगाथा नाही. साठ-सत्तर पुड्यांवर घर चालत नाही. तेच तर मला सांगायचे आहे. जाहिरात कितीही शहाणपणाने केली तरी ती रस्ता, धक्का, बाजार, वीज, स्वस्त कर्ज यांची जागा घेऊ शकत नाही. ती फक्त जे आहे ते लोकांना सांगू शकते. जे नाही ते आणण्याचे काम ज्यांचे आहे त्यांनी मोफत शिबिरे भरवून आपली सुटका करून घेऊ नये.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. छोट्या धंदेवाल्यांसाठी शिबिर घ्यायचे तर ते मराठीत घ्या, आणि पहिल्या दिवशी फोन बाजूला ठेवून वही काढायला लावा: खर्च किती, नफा किती, गिऱ्हाईक कोण. दुसऱ्या दिवशी नोंदणी, वजन, लेबलावरचे कायदे. फोन तिसऱ्या दिवशी. अक्षर शिकवायला पेंटरला बोलवा आणि त्याला मानधन द्या. मराठी पाटीची सक्ती करताना चांगल्या पाटीसाठी काही मदतही करा, चार उत्तम नमुने फुकट द्या. नावावरून गिऱ्हाईक तुटेल असा सल्ला जिथे दिला जातो तिथून उठून या. आणि मोऱ्याच्या धक्क्याचा गाळ काढा. त्या एका कामाने जेवढी गिऱ्हाइके येतील तेवढी शंभर रीलनी येणार नाहीत.

त्या दिवशी भरती लागली, लाँच आली. चढता चढता नातवाने मला विचारले, “मग काका, आजीसाठी मी काहीच करू नको का?” मी म्हटले, कर की. रोज सकाळी फोनवर एवढेच टाक: आजी आज कुठल्या लाँचने निघाली, भाऊच्या धक्क्यावर किती वाजता पोचेल, पाटीत काय आहे, भाव काय. आजीचा फोटो टाक, तिचे नाव टाक. तिची गिऱ्हाइके तिला चाळीस वर्षांपासून ओळखतात. त्यांना फक्त भरतीची वेळ माहीत नसते.